खाचेतलं कुंकू

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. नवऱ्यासमोरही नाही — आणि नवऱ्याला मी शेजारणीच्या सुनेचंसुद्धा सगळं सांगत असते. आईला सांगितली नाही, ती गेली. दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगायला हवी होती, तेही गेले. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असलात तर त्या वर्तमानपत्रातल्या फोटोमुळे, आणि त्या फोटोनेच तर माझी झोप घालवली आहे.

मी बंदुका दुरुस्त करते. कसबा पेठेत आमचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर. परवाना आधी दादांच्या नावावर होता, आता माझ्या. बाई आणि बंदूक, म्हणजे लोकांना मोठं कौतुक. मार्च उजाडला की महिला दिनवाले येतात, शाल घालतात, नारळ देतात, पेपरात फोटो छापून आणतात, आणि एखादी चुणचुणीत मुलगी मोबाइल पुढे धरून विचारते, "मॅम, ही स्किल तुम्हाला कुणी शिकवली?" मी म्हणते, वडिलांनी. दरवर्षी म्हणते. आणि दरवर्षी पुढचं वाक्य चहाबरोबर गिळते.

वडिलांनी नाही शिकवलं हो. म्हणजे — थोडं शिकवलं, पण ते सगळं झाल्यावर. त्याच्या आधी मला शिकवलं ते विलासने. आणि विलासचं मी काय केलं, ते सांगायला बसले आहे. पण सरळ सांगता येत नाहीये, बघा. फिरून फिरून येते. येऊ द्या.

दादा म्हणजे जुन्या पुण्याचा नमुना. दुकानाच्या दारावर त्यांनी स्वतः रंगवलेली पाटी होती: "बंदूक भरलेली असल्यास आत येऊ नये. रिकामी असल्यास बडबड करू नये." गिऱ्हाईक पाटी वाचून हसलं, तर हे विचारत, "हसण्यासारखं काय आहे? वाचता येतं ना?" दुपारी एक ते चार दुकान बंद. जंगलातून वाघ जरी बंदूक घेऊन आला असता, तरी चारपर्यंत त्याला ओट्यावर बसावं लागलं असतं.

आमच्याकडे येणाऱ्या बंदुका बहुतेक दुनळी. कात्रज, आंबेगाव, मुंढवा या बाजूच्या शेतकरी घरांतल्या. तेव्हा ती गावं नुकतीच शहरात आलेली, काही यायची होती. पणजोबांनी घेतलेली विलायती बंदूक, पिकाच्या राखणीसाठीचा परवाना, आणि घराण्याचा मान. निवडणूक आली की या बंदुका पोलीस चौकीत जमा व्हायच्या आणि परत मिळायच्या तेव्हा गंज चढून यायच्या. मग गिऱ्हाईकं आमच्याकडे रांगेत. आणि दुसरी रांग दसऱ्याच्या आधी. शस्त्रपूजेला बंदूक लखलखीत हवी ना.

मी या सगळ्यात वाढले. शाळेतून आले की दप्तर जिन्यावर टाकून दुकानात. कुठल्या बंदुकीचा घोडा कसा वाजतो ते मला न बघता कळायचं. पण दादा माझ्या हातात फडकं द्यायचे आणि तेलाची बाटली. पुसायचं, तेल लावायचं, गिऱ्हाइकाशी बोलायचं, परवाना तपासायचा. कानस कधी दिली नाही. खिडकीपाशी उजेडाला त्यांचा बाक होता, त्यावर बसायची तर बातच सोडा. एकदा, बी.कॉम. झाल्यावर, मी विचारलं. तर म्हणाले, "तुझं लग्न झाल्यावर तुझ्या सासरी बंदुका दुरुस्त करणार आहेस का?" झालं. विषय संपला.

मग विलास आला.

विलास ताडीवाला रोडचा. आयटीआय केलेला, फिटर. वडील खडकीला कारखान्यात. घर बौद्ध, आजोबांच्या पिढीतच दीक्षा घेतलेली. बारीक अंगकाठीचा, कमी बोलणारा, आणि हात — त्या हातांबद्दल मी आता बोलू शकते, तेव्हा नुसती बघायचे आणि माझा तिळपापड व्हायचा. पहिल्या दिवशी दादांनी त्याला एक जुना घोडा दिला आणि म्हणाले, घास. त्याने घासला. दादांनी तो खिडकीपाशी नेला, उलटसुलट केला, आणि "हं" म्हणाले. बस. तुम्हाला वाटेल, हे काय कौतुक झालं? मी त्या माणसाच्या पोटी जन्माला आले, बोर्डात पहिल्या वर्गात पास झाले, तेव्हासुद्धा मला "हं" मिळालं नव्हतं. मला मिळालं होतं, "गणितात दहा मार्क कुठे गेले?"

आणि तो त्यांना दादा म्हणायचा. गिऱ्हाईकं मास्तर म्हणत, शेजारीपाजारी मास्तर म्हणत. हा दादा म्हणायला लागला आणि दादांनी म्हणू दिलं. एवढ्याशा गोष्टीने माणूस जळतो का? जळतो. मी जळत होते. सकाळी दुकान उघडताना जळायचे आणि संध्याकाळी शटर ओढताना जळायचे.

बरं, तो वाईट असता तर सोपं होतं. तो माझ्याशी इतका नीट वागायचा की मला राग काढायला जागाच सापडायची नाही. दादा दुपारी वर झोपले की तो मला बोलवायचा. "ताई, हे बघा." वयाने माझ्याएवढाच, पण ताई आणि अहोजाहो. बाक दादांचा, पण त्या तीन तासांत कानस माझ्या हातात असायची, ती विलासने दिलेली. रॉकेलच्या चिमणीवर लोखंडाचा भाग धरून त्यावर काजळी कशी धरायची, मग बंदूक हळूच मिटून उघडायची, आणि जिथली काजळी पुसली गेली तिथेच भाग घासतोय, तेवढंच केसभर काढायचं — हे त्याने मला शिकवलं. "घाई नको ताई. काजळी सांगते, आपण ऐकायचं." मी ऐकायचे, शिकायचे, आणि मनात म्हणायचे, हा कोण मला माझ्याच घरात शिकवणारा? असं असतं बघा माझ्यासारखीचं. दिलेलं घ्यायचं आणि देणाऱ्याचा हेवाही करायचा.

त्या वर्षी गणपती झाल्यावर दादांना मोतीबिंदूचं सांगितलं डॉक्टरांनी. दोन्ही डोळे. त्या रात्री जेवताना ते आईला म्हणाले — मी समोर बसलेले, पण आईला म्हणाले — "दिवाळीच्या पाडव्याला विलासला बाकावर बसवतो. परवान्यातही त्याचं नाव घालून घेऊ." आईने विचारलं, शैलाचं काय? शैला म्हणजे मी. दादा म्हणाले, "शैलाचं काय म्हणजे? शैला आहेच की."

आहेच की. फडकं आणि तेलाची बाटली.

माझ्या पुढ्यातला भात मी संपवला. मी कधीच काही बोलत नाही ऐन वेळी, ही माझी खोड. आणि जे बोलत नाही ते कुठे जातं, ते पुढे कळेलच.

आता ती बंदूक. कात्रजच्या पलीकडे आप्पांचं घर — नाव नुसतं आप्पा ठेवू, मोठं बागायतदार घर, आता त्या जमिनीवर इमारती आहेत. त्यांची दुनळी नवरात्राच्या आधी आली. जुनाट विलायती बंदूक, पण सुंदर. नळ्या सैल झाल्या होत्या, हलवलं की खडखडायच्या. तुम्हाला थोडं समजावते, नाहीतर माझा गुन्हा तुम्हाला कळायचा नाही. दुनळी बंदूक काडतूस घालायला मधून मोडते, नळ्या पुढे खाली झुकतात. त्या ज्यावर फिरतात ती एक आडवी पिन असते, दाराच्या बिजागरीला असते तशी. आणि बंदूक मिटली की नळ्यांच्या पोटाखाली एक खाच असते, तिच्यात आतून एक पोलादी पट्टी सरकून बसते. ती बसली की बंदूक उघडत नाही. वर अंगठ्याने ढकलायचा खटका असतो, तो या पट्टीचाच. खटका बरोब्बर मधोमध आला म्हणजे पट्टी पूर्ण बसली. जरा उजवीकडे राहिला म्हणजे नाही बसली. एवढंच.

विलासने पिन नवी केली. दादांनी डोळ्यांमुळे सगळं त्याच्यावर सोडलं होतं. त्याने पिन कातली, तिला पाणी दिलं, म्हणजे लाल तापवून विझवली, वरचं कातडं कडक व्हावं म्हणून. मग काजळी धरून धरून ती अशी बसवली की बंदूक मिटताना आवाज यायचा तो जुन्या तिजोरीच्या दारासारखा. दादांनी ती कानाशी धरून तीनदा उघडली, मिटली. आणि त्या दिवशी "हं" नाही म्हणाले. म्हणाले, "मला नसतं जमलं."

त्या वाक्यावर मी उठून आत गेले आणि विनाकारण भांडी घासली.

दसरा झाला. दसऱ्याला विलास सुट्टी घ्यायचा, त्यांचा तो धम्मदीक्षेचा दिवस. आमच्याकडे हत्यारांची पूजा. सगळं रीतीप्रमाणे. आणि दिवाळी आठवड्यावर आली असताना एका दुपारी, दुकान बंद असताना, दार धडाधडा वाजलं. दादा वर झोपलेले. विलास डबा खाऊन मंडईत पितळी पत्रा आणायला गेला होता. मी दार उघडलं.

आप्पा उभे होते. उजव्या हाताला धोतराचा फडका गुंडाळलेला, रक्त वाळलेलं. काखेत बंदूक. ज्वारीत रानडुकरं शिरली म्हणून त्यांनी हवेत बार काढला, आणि बार होताच बंदूक हातात आपोआप उघडली. खटका उलटा फिरून अंगठ्याच्या बेचक्यातली कातडी सोलवटून गेला. आणखी जरा वाईट झालं असतं तर डोळा गेला असता. "ही तुमची दुरुस्ती हाय का?" ते म्हणाले. "मास्तरांना उठवा. त्या पोराच्या हातात दिलीच कशाला म्हन्तो मी?"

मी त्यांना बसवलं, पाणी दिलं, वर दादांना हाक मारली. दादा चूळ भरून खाली यायला वेळ लावायचे. तेवढ्यात मी बंदूक आत बाकावर नेली आणि मधून उघडली.

खाचेत कुंकू होतं.

आता कळलं तुम्हाला? दसऱ्याला ही मंडळी बंदूक उघडी ठेवतात पाटावर. रिकामी आहे हे दिसावं म्हणून, आणि त्या वर्षी नवीन काम पाहुण्यांना दिसावं म्हणूनही असेल. वर हळद, कुंकू, अक्षता, निरांजनातल्या तेलाचा थेंब, नारळाचं पाणी. भक्ती सढळ हाताची. ते सगळं खाचेत जाऊन बसलं, बंदूक मिटून खुंटीला टांगली, आणि बारा-तेरा दिवसांत त्याचा दगड झाला. पट्टी खाचेत शिरली ती टोकापुरती. बार झाला आणि ती निसटली. त्या झटक्यात पिनही एका बाजूने चेपली होती.

म्हणजे विलासचा काहीही दोष नव्हता. मला ते एका नजरेत कळलं. इतकं स्वच्छ कळलं — आणि ते मला त्यानेच शिकवलेलं होतं, कुठे काय अडलंय ते बघायला.

मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले की माझा हात सवयीने गेला. मळ दिसला की पुसायचा, माझं कामच ते. खोटं आहे. मला पहिल्यांदा काय झालं सांगू? आनंद झाला. पोटातून आनंद. मग मी बांबूची काडी घेतली, रॉकेलचा बोळा घेतला, आणि ती खाच कोरून कोरून साफ केली. लाल लगदा निघाला तो कागदात गुंडाळून पोलक्यात खोचला. कोरड्या फडक्याने पुसलं. जिन्यावर दादांची पावलं वाजली तेव्हा खाच धुतल्या वाटीसारखी झाली होती.

दादांनी बंदूक घेतली. खिडकीपाशी नेली. मिटली, उघडली. खटका मधोमध. नळ्या जरा हलल्या. पिन काढली, चेपलेल्या जागेवर बोट फिरवलं, कानस टेकवली, तर ती घसरायच्या ऐवजी रुतली. वरचं कातडं फुटल्यावर आतलं लोखंड मऊच लागणार, हे दादांना एरवी कळलं असतं. पण समोर रक्ताळलेला हात घेऊन जुनं गिऱ्हाईक बसलेलं, आणि स्वतःच्या डोळ्यांवर त्यांचा भरवसा उरलेला नव्हता. ते म्हणाले, "पाणी कमी पडलंय."

आप्पा म्हणाले, "मी म्हन्लंच होतं." काय म्हणाले होते ते? काही नाही. पण त्यांना पटायला वेळ लागला नाही. विलासच्या हातून चूक झाली हे त्यांना पटायला काहीच पुरावा लागला नाही, आणि हे मला आधीच ठाऊक होतं. जातीचा एक शब्द मी उच्चारला नाही, कधीच उच्चारला नाही, त्याचा मला अभिमानही होता. उच्चारायची गरज कुठे होती? दुसरं कुणी असतं तर आप्पांनी दोन प्रश्न जास्त विचारले असते. ते विचारणार नाहीत यावर मी टेकून उभी होते.

मग विलास आला. हातात पत्र्याची गुंडाळी. दादांनी पिन त्याच्या तळहातावर ठेवली. त्याने ती उलटसुलट बघितली. मग त्याने बंदूक घेतली आणि — दादांनी केलं नव्हतं ते केलं — करंगळी खाचेत घातली. बाहेर काढली, बोट बघितलं, नाकाशी नेलं. आणि माझ्याकडे वळून हळू आवाजात विचारलं, "ताई, तुम्ही हे पुसलंत का?"

हाच तो क्षण. याच्याभोवती मी इतका वेळ घिरट्या घालते आहे. माझ्या पोलक्यात ती पुडी होती. रॉकेलचा वास त्याला आला होता. त्याला संशय होता, आणि तो संशय त्याने माझ्याकडे आणला, कारण त्या घरात तो खरं विचारू शकेल अशी मी एकटीच होते.

मी म्हणाले, "नाही."

त्याने करंगळी पँटला पुसली. मग मान हलवली. माझ्यावर विश्वास ठेवला म्हणून मला कुणाचा राग येऊ शकतो का? आला होता, खरंच. त्याने वाद घालायला हवा होता. आरडाओरडा करायचा, शपथ घालायची. त्याऐवजी तो दादांना म्हणाला, "कमी पडलं असेल, दादा. माझंच चुकलं." आणि आप्पांकडे वळून हात जोडले.

दादा रागावले नाहीत. रागावले असते तर प्रकरण मिटलं असतं. संध्याकाळी शटर ओढताना एवढंच म्हणाले, "विलास, पाडव्याचं राहू दे."

तो दिवाळीपर्यंत येत राहिला. कानस हातात घ्यायचा आणि थांबायचा. एकेक काम दोनदा, तीनदा तपासायचा, साधा स्क्रूसुद्धा. पाडव्यानंतर आला नाही. मी बाकावर बसले ती पुढच्या संक्रांतीला, कारण दुसरं कोण होतं? दादांना पर्याय नव्हता. मला हवं ते मिळालं. आणि खोटं कशाला बोलू, मला तिथे बसून बरं वाटलं. उजेड छान येतो त्या खिडकीतून.

अजून एक आहे. ते सगळ्यात तळाला आहे, म्हणून शेवटी निघतंय.

ती बंदूक दसऱ्याआधी आप्पांच्या हातात मी दिली होती. आदल्या दिवशी विलासने मला सांगितलं होतं, "ताई, आप्पांना जरा सांगा. काम नवीन आहे, घट्ट आहे. पूजेला मिटून ठेवा, कुंकू मागच्या लाकडी दस्त्याला लावा, आत जाऊ देऊ नका. मी सांगितलं तर त्यांना आवडायचं नाही." खरंच आवडलं नसतं. मागच्या वर्षी एका गिऱ्हाइकाला त्याने सांगितलं होतं, तर तो माणूस म्हणाला होता, आता तू आम्हाला पूजा शिकवणार का? म्हणून त्याने निरोप माझ्याकडे दिला. आणि मला वाटलं, आता हा मला निरोप्या समजायला लागला. आप्पा आले, पैसे दिले, दादांनी विलासचं कौतुक त्यांच्यापुढे केलं, आणि मी बंदूक कापडात गुंडाळून त्यांच्या हातात ठेवली. तोंड उघडलं नाही. विसरले नव्हते. आठवत होतं, शब्द जिभेवर होते. गिळले.

एखाद्याचा डोळा जाऊ शकला असता माझ्या गिळण्यामुळे. बंदुकीच्या दुकानात वाढलेल्या मुलीला हे माहीत नव्हतं, असं कोण म्हणेल?

दादांचं पुढे डोळ्यांचं ऑपरेशन झालं, दिसायला लागलं, माझी कामं बघून ते "हं" म्हणायला लागले. आयुष्यभर ज्यासाठी जळले ते मिळायला लागलं आणि त्याला चवच नव्हती. शेवटच्या आजारपणात ते कॉटवर पडून एकदा म्हणाले, "पोराचा हात चांगला होता गं. माझीच पारख चुकली." त्यांना आयुष्यात एवढ्याच गोष्टीचा माज होता, पारखीचा. मी उशी नीट केली. म्हणाले, "दादा, झोपा आता." ते झोपले. दहा दिवसांनी गेले.

आणि मागच्या थंडीत मंडईत मला विलास दिसला.

नारळवाल्यापाशी उभा होता. केस पांढरे, चष्मा, हातात कापडी पिशवी. एकेक नारळ कानाशी धरून हलवत होता, अगदी तसाच, मान जरा कलती करून. इतक्या वर्षांनी, हा सगळा पाप-पसारा डोक्यावर असताना, मला पहिल्यांदा काय वाटलं असेल? हेवा. अजून त्या हातांचा हेवा. मला माझीच शिसारी आली.

त्यानेच ओळखलं. "ताई," म्हणाला. दादा गेल्याचं त्याला उशिरा कळलं होतं, त्याचं वाईट वाटलं म्हणाला. माझा फोटो पेपरात पाहिला, मुलीला दाखवला, सांगितलं की मी यांच्याकडे काम शिकलो. माझ्याकडे! मी विचारलं, पुढे काय केलंस? म्हणाला, भोसरीला एका कंपनीत होतो, आता रिटायर झालो. मशीनवर का? तर हसला. "नाही हो. स्टोअरला. मशीनवर घेत होते, मीच नको म्हणालो. हातावर भरवसा नाही राहिला. कुणाला इजा झाली तर?"

एकतीस वर्षं त्या हातांनी खोकी मोजली.

मग तो जरा घुटमळला. नारळ पिशवीत ठेवला, परत काढला. म्हणाला, "ताई, एक विचारू? आप्पांच्या त्या बंदुकीचं. अजून कधीकधी डोक्यात येतं. पाणी मी नीट दिलं होतं असं वाटतं. मग कुठे चुकलो असेन, ते काही लक्षात येत नाही. तुम्ही इतकी वर्षं काम केलंत. तुम्हाला काय वाटतं?"

तक्रार नव्हती त्यात. खरंच विचारत होता, एका कारागिराने दुसऱ्याला विचारावं तसं. आजूबाजूला भाज्यांचे ढीग, गोंगाट, कुणी आमच्याकडे बघत नव्हतं. एक वाक्य पुरलं असतं. विलास, तू कुठेच चुकला नव्हतास. एवढंच.

मी म्हणाले, "आता कुठे आठवतंय रे. फार वर्षं झाली."

तो "खरंय" म्हणाला. घरी सगळ्यांना विचारल्याचं सांगा म्हणाला. जाताना म्हणाला की तो दर रविवारी मंडईत येतो, सकाळीच, भाजी ताजी असते तेव्हा.

तेव्हापासून मी मंडईत जात नाही. भाजी दारावरच्या गाडीवाल्याकडून घेते. महाग देतो, आणि शिळी असते.